वीतभर मशीन आणि सुसाट सुटलेला शेवटचा शत्रू

‘स्पेस इन्व्हेडर्स’ नाणं टाकून खेळलेल्या कुणालाही एक गोष्ट हमखास आठवते. सुरुवातीला पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगांत ५५ परग्रहवासी असतात आणि ते इतके रेंगाळत सरकतात की डाव हातचा वाटतो. ते टिपले जातात तसतसे उरलेले पळू लागतात. शेवटचा एकटा उरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत असा सुसाट सुटतो की नेम धरताना बटणावरचं बोट घामेजतं. व्हिडिओ गेम पार्लरमधली पोरं म्हणायची, “मशीन चिडलं!”

कारण वेगळंच होतं. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ताइतो कंपनीसाठी हा खेळ तयार केला तेव्हा त्यांच्या हाताशी होता इंटेल ८०८० हा प्रोसेसर, सेकंदाला सुमारे वीस लाख ठोके देणारा. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका पुसायचा आणि पुन्हा रंगवायचा, हे सगळं त्यालाच करावं लागे. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं उमटायचं आणि दर वेळी एकच परग्रहवासी एक पाऊल सरकायचा. ५५ जण असताना सगळ्यांची एक फेरी व्हायला जवळजवळ एक सेकंद लागे. दहा उरले की सेकंदाचा सहावा भाग. एकच उरला की दर चित्रागणिक त्याचाच नंबर. म्हणजे खेळ पुढे जाईल तसा वेग वाढावा अशी आखणी आधी कुणी केली नव्हती. यंत्राच्या डोक्यावरचं ओझं उतरत गेलं, म्हणून तो वाढला. निशिकादोंना तो परिणाम आवडला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.

सध्या भेटवस्तू म्हणून चांगलीच मागणी असलेल्या छोट्या आर्केड मशीनकडे, म्हणजे पार्लरमधल्या नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या लहान प्रतिकृतींकडे, मी याच गोष्टीच्या आधारे पाहतो. नियम आणि चित्रं म्हणजेच खेळ, असं नसतं. मूळ यंत्राचा संथपणा, त्याचा पडदा, त्याची कळ हेही खेळात मुरलेलं असतं. मशीन लहान करताना यातलं काय टिकतं आणि काय हरवतं, हा मोठा रंजक प्रश्न आहे.

ही छोटी मशीन अनेक मापांची येतात. मूळ कॅबिनेट माणसाच्या उंचीचं, पावणेदोन मीटरच्या आसपास. त्याची एक-चतुर्थांश प्रतिकृती गुडघ्याएवढी होते, एक-षष्ठांश प्रतिकृती पुस्तकांच्या कपाटात उभी राहते आणि सगळ्यात लहान तर तळहातावर मावते. बाजूची रंगीत चित्रं, वरचा उजळणारा फलक, नाणं टाकायची फट, सगळं जसंच्या तसं. कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेल्या पुणेकराला प्रतिकृतींचं वेड समजावून सांगायला नको. फरक इतकाच की तिथली गाडी आपण बाहेरून बघतो; इथे त्या लहान जगात आपला अंगठा घालायचा असतो. उंची एक-षष्ठांश केली की आकारमान एक-दोनशेसोळांश होतं. अंगठा मात्र तेवढाच राहतो. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

आधी आतला ‘मेंदू’ पाहू. चांगल्या मशीनमध्ये मूळ खेळाचा प्रोग्रॅम असतो आणि तो चालवायला एम्युलेटर. तोरू इवातानी यांचा ‘पॅक-मॅन’, म्हणजे चक्रव्यूहात दाणे खात भुतांना चुकवायचा खेळ, घ्या. नामको कंपनीनं १९८० साली तो आणला तेव्हा त्याच्या प्रोग्रॅमला १६ किलोबाइट जागा पुरली. आज मोबाइलवर येणारा ‘गुड मॉर्निंग’चा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. हा प्रोग्रॅम झेड-८० या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला आहे आणि छोट्या मशीनमधल्या आजच्या चिपला ती भाषा येत नाही. एम्युलेटर मध्ये बसून दुभाष्याचं काम करतो: एक सूचना वाचायची, तिचा अर्थ नव्या चिपला समजेल असा करून द्यायचा, मग पुढची. त्याशिवाय त्याला वेळेचा हिशोबही ठेवावा लागतो. मूळ प्रोसेसर एका चित्रामागे सुमारे ५० हजार ठोके देत असे. एम्युलेटरनं तेवढेच मोजून थांबायचं. नव्या चिपला मोकळं सोडलं तर भुतं डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत. म्हणजे वेगवान यंत्राला मुद्दाम, अगदी काटेकोरपणे, संथ करावं लागतं. या कामाचा पाया घालणाऱ्यांमध्ये इटलीचे निकोला साल्मोरिया यांचं नाव घ्यायलाच हवं. त्यांनी १९९७ साली ‘मेम’ हा एम्युलेटर लोकांपुढे ठेवला आणि जुनी मशीन गंजून जाण्याआधी त्यांचं अंतरंग नोंदवून ठेवायची चळवळच उभी राहिली.

प्रोग्रॅम मूळचा असेल तर त्याच्या चुकाही सोबत येतात, आणि त्या यायलाच हव्यात. ‘पॅक-मॅन’मधलं गुलाबी भूत आपल्या पुढच्या चार घरांवर नेम धरून येतं. पण आपलं तोंड वरच्या दिशेला असेल तर बेरजेतल्या एका गफलतीमुळे त्याचा नेम चार घरं डावीकडेही सरकतो. मुरलेले खेळाडू याचा फायदा घेतात. खेळ एका बाइटमध्ये पातळी मोजतो. त्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. म्हणून २५६व्या पातळीला पडद्याची उजवी बाजू अक्षरं आणि ठिपक्यांच्या कचऱ्यानं भरून जाते आणि खेळ तिथेच अडतो.

स्वस्त मशीनचा मामला निराळा. तसं एक मशीन मी टेबलावर उघडलं. मागचे स्क्रू काढले की आत बहुतेक पोकळीच. एका लहानशा सर्किट बोर्डाच्या मध्यभागी घट्ट झालेल्या काळ्या इपॉक्सीचा नाण्याएवढा थेंब. चिपला नेहमीचं पायांचं प्लॅस्टिक कवच द्यायचा खर्च वाचवण्यासाठी सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट बोर्डावर चिकटवतात, केसापेक्षा बारीक तारांनी जोडतात आणि वरून हा थेंब ओततात. ‘२०० खेळ’ असं लिहिलेल्या अनेक मशीनमध्ये या थेंबाखाली निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राची नक्कल असते. पूर्वी कित्येक चिपा मिळून जे काम करायच्या, ते सगळं एका तुकड्यात.

जाणकार संग्राहक अशा मशीनकडे बघून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या किती पोरांना खऱ्या आर्केड मशीनपुढे मनसोक्त उभं राहता आलं? बहुतेकांनी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटी फुंकर मारून घातल्या आणि मारियो, काँट्रा खेळले. ती यंत्रंही फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. त्यामुळे सदाशिव पेठेत किंवा हडपसरला वाढलेल्या चाळिशीतल्या माणसासाठी काळ्या थेंबाचं मशीन हेच त्याच्या लहानपणाच्या जास्त जवळचं असू शकतं. भेट देणाऱ्यानं हे आधी विचारून घ्यावं: पार्लरमध्ये खेळायचास, की घरी टीव्हीवर?

आता पडदा. ‘पॅक-मॅन’चं चित्र २८८ ओळींचं. मोठ्या मशीनमधल्या १९ इंची, उभ्या बसवलेल्या, जुन्या टीव्हीतल्यासारख्या काचेच्या नळीवर एक ओळ साधारण सव्वा मिलिमीटर उंच यायची. दोन फुटांवरून पाहिलं तर ती डोळ्याशी सुमारे सात कलांचा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. निरोगी डोळ्याला एका कलेपर्यंतचा बारकावा कळतो, म्हणून ते चौकोन ठळक दिसत. पाच सेंटिमीटर उंचीच्या छोट्या पडद्यावर तीच ओळ ०.१७ मिलिमीटरची होते आणि फूटभर जवळ धरली तरी कोन दोनच कलांचा. चौकोन एकमेकांत मिसळतात, चित्र गुळगुळीत भासतं. बघायला छान, पण आठवणीतल्यासारखं नाही. शिवाय जुन्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत जायचा, ओळींच्या मध्ये अंधाऱ्या फटी राहायच्या आणि काचेवरच्या फॉस्फर या चमकणाऱ्या लेपाचा उजेड कडांना थोडा सांडायचा. त्या काळचे चित्रकार हा सांडलेला उजेड गृहीत धरूनच ठिपके मांडत होते.

याहून वाईट गोष्ट घडते ती पडद्यावर पुरेसे ठिपकेच नसतात तेव्हा. २८८ ओळी १६० ओळींत बसवायच्या म्हटल्या की जवळजवळ निम्म्या गाळाव्या लागतात. पॅक-मॅन खातो ते दाणे मुळात दोन बाय दोन ठिपक्यांचे. ओळी गाळल्या की कुठला दाणा पूर्ण दिसतो, कुठला अर्धा, कुठला पुसट. विकत घेताना खोक्यावर पडद्याचं रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, दिलेलं असेल तर आधी तेच वाचा.

आणि हात? बऱ्याच मोठ्या मशीनच्या जॉयस्टिकखाली चार मायक्रोस्विच असतात. प्रत्येकाच्या आत एक ताणलेली धातूची पत्ती असते. ठरावीक बिंदूपर्यंत दाबली की ती एकदम उडी मारून दुसऱ्या बाजूला जाते. तोच तो ‘कट्’ आवाज, तीच बोटाला जाणवणारी टिचकी. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मायक्रोस्विच मागा, दुकानदार आधी विचारील की बाहेरची पत्ती लांब हवी की आखूड. छोट्या मशीनमध्ये याला जागाच नसते. तिथे रबराची टोपी, तिच्या पोटाला कार्बनची टिकली आणि खाली बोर्डावर एकमेकींत गुंतलेल्या तांब्याच्या रेघा. टीव्हीच्या रिमोटमध्ये हीच रचना असते. खेळता येतं, पण कळ नेमकी कधी लागली हे बोटाला सांगणारी टिचकी नसते. त्यात एम्युलेटर, चित्र लहान करणारं सर्किट आणि एलसीडी पडदा प्रत्येकी थोडा वेळ खातात. एका चित्राचा वेळ सुमारे १७ मिलिसेकंद. दोन-तीन चित्रांचा उशीर झाला तर डोळ्याला पत्ता लागत नाही, हात मात्र चुकतो. “पूर्वी जमायचं, आता हात गेला” असं म्हणणाऱ्या कित्येकांचा हात शाबूत असतो.

आवाजाबद्दल एकच सांगतो, कारण ते मला फार विलक्षण वाटतं. ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे बहुतेक आवाज प्रोग्रॅममध्ये नव्हतेच. गोळीचा, स्फोटाचा, त्या धप-धप पावलांचा आवाज रेझिस्टर, कपॅसिटर यांची सर्किटं काढायची. प्रोग्रॅम फक्त त्यांना चालू-बंद करायचा. म्हणून प्रोग्रॅम उतरवून घेतला तरी आवाज सोबत येत नाही. तो वेगळा ध्वनिमुद्रित करावा लागतो किंवा त्या सर्किटांचं गणित मांडून नव्यानं घडवावा लागतो. एवढं करूनही रुपयाएवढ्या स्पीकरला ती खालच्या पट्टीतली धप पुरेशी हवा हलवून उमटवता येत नाही. वरचे सूर ऐकून खालचा सूर मेंदू मनानं भरून काढतो, त्यावर बरंचसं निभावून जातं.

इतकं सगळं हरवूनही पन्नाशीचा माणूस हे मशीन हातात घेतो आणि त्याचे अंगठे आपोआप चालू लागतात. स्मृतीचे प्रकार वेगळे असतात, हे याचं कारण. एच. एम. या नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूवर १९५३ साली शस्त्रक्रिया झाली आणि नवे प्रसंग लक्षात ठेवायची त्याची क्षमता गेली. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज तो म्हणे, हे मी पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्याचा हात सुधारत गेला. हाताची आठवण मेंदूच्या दुसऱ्या भागांत, बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूत जपली जाते आणि ती फार चिवट असते. शिवाय साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर अधिक ठळक राहतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

साउदॅम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस, टिम वाइल्डशट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हुरहुर लावणाऱ्या आठवणी तपासल्या, तेव्हा त्यांत इतर माणसं मोठ्या प्रमाणावर सापडली. पार्लर आठवताना आपल्यालाही मागे नाणं घेऊन उभा असलेला पुढचा गडी आठवतो, “अरे डावीकडे, डावीकडे!” म्हणून ओरडणारा मित्र आठवतो. छोट्या मशीनची सगळ्यात मोठी उणीव मला इथे दिसते. तळहाताएवढ्या पडद्यापुढे एकच डोकं मावतं. बजेट असेल तर दोघांना खांदे लावून बघता येईल असं, एक-चतुर्थांश मापाचं मशीन द्यावं. माझं मत तरी असंच आहे.

मूळ प्रोग्रॅम आहे की नव्यानं लिहिलेली नक्कल, हे ‘पॅक-मॅन’वर घरबसल्या तपासता येतं. खेळ सुरू करा आणि जॉयस्टिकला हात लावू नका. भुतं कुठल्या वाटेनं येऊन पकडतात ते पाहा. मशीन बंद करून पुन्हा तसंच करा. मूळ खेळात भुतांचं वागणं ठरलेल्या नियमांनी चालतं. ती निळी होऊन घाबरतात तेवढ्यापुरते आकडे यदृच्छ असतात आणि तेही दर डावाला त्याच जागेपासून सुरू होतात. त्यामुळे दोन्ही वेळा वाट तंतोतंत तीच यायला हवी. दुसऱ्यांदा भुतं वेगळ्या रस्त्यानं आली तर तो प्रोग्रॅम मूळचा नाही.

मशीन शोभेला कपाटात ठेवणार असाल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल जुने झाले की त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन पांढरी खरपुडी धरते आणि पत्र्याच्या पट्ट्या खाल्ल्या जातात. पुण्याच्या पावसाळी दमट हवेत पट्ट्या आणखी लवकर जातात. खरपुडी दिसलीच तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरड्या कापडानं टिपा आणि पूर्ण वाळल्याशिवाय नवे सेल घालू नका.