कॉन्टेसाचं फ्युएल इंजेक्शन : थ्रॉटलच्या स्क्रूला हात लावण्याआधी हे वाचा

कॉन्टेसाचा कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवून दिलं की हे पत्रक आम्ही गाडीच्या किल्लीसोबत देतो. ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. घरच्यांनी वाचलं नाही तरी चालेल, पण तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला जरूर वाचायला द्या. खरं तर ते त्यांच्यासाठीच लिहिलंय.

कार्बोरेटर काढून इंजेक्शनवर नेलेल्या ज्या गाड्या तक्रार घेऊन आमच्याकडे परत येतात, त्यांतल्या बहुतेकींत बिघाड असा काही सापडत नाही. थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा जायच्या तोंडावरचा) एक छोटा स्क्रू कुणीतरी अर्धा आटा फिरवलेला असतो, एवढंच. त्या अर्ध्या आट्यापायी तुमचे दोन दिवस जातात, आमचा अर्धा दिवस जातो, आणि मधल्या काळात चारचौघांत किटचं नाव खराब होतं ते वेगळंच.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण नवे येणारे विचारतात की कॉन्टेसाच का. हिंदुस्तान मोटर्सनं ही गाडी 1984 पासून 2002 पर्यंत उत्तरपाड्याला बनवली. लांब बॉनेट, मागच्या चाकांना जोर, म्हणून आपल्याकडे हिला कौतुकानं ‘मसल कार’ म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसडरचं 1489 सीसीचं इंजिन होतं. ते एवढं धूड ओढताना धापा टाकायचं. पुढे इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे गाडीत जीव आला. आम्ही काम करतो ते या इसुझू इंजिनावर. 1489 सीसीवाल्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की त्या पैशांत कार्बोरेटर नीट ओव्हरहॉल करून घ्या, समाधान जास्त मिळेल.

बरेच जण मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात. मस्टँग, कमारोचा कार्बोरेटर काढला, त्याच जागी चार बोल्टांवर थ्रॉटल बॉडी बसवली, चार वायरी जोडल्या, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. ‘हेच मागवून द्या की!’ ती किट चांगलीच आहेत, पण ती पाच-सहा लिटरच्या व्ही-एट इंजिनांसाठी आणि चार घशांच्या कार्बोरेटरच्या बैठकीसाठी बनवलेली. त्यांतले पेट्रोल फवारणारे इंजेक्टर सहाशे अश्वशक्तीच्या आसपासचं पेट्रोल पुरवू शकतात. आपलं इंजिन शंभरीच्या आतलं. एवढ्या मोठ्या इंजेक्टरला स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इतका क्षणभर उघडावं लागतं की त्याला माप धरताच येत नाही. कपभर चहासाठी हंडा कलंडवल्यासारखं होतं. म्हणून आम्ही मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवर) चार सिलिंडरांना चार छोटे इंजेक्टर बसवतो, क्रँक पुलीवर दातांचं चाक आणि त्याला सेन्सर लावतो. याला वेळ जास्त लागतो आणि पैसेही जास्त, हे मान्य. पण थंड सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठते ती त्यामुळेच.

आता त्या स्क्रूकडे येऊ.

कार्बोरेटरला दोन स्क्रू असायचे, एक स्लोचा आणि एक मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा. रेस (इंजिनचे मिनिटाचे फेरे) कमी वाटली तर स्लोचा स्क्रू आत, जास्त वाटली तर बाहेर. मग मिक्श्चरचा फिरवत फिरवत इंजिनचा सूर लागेपर्यंत कान द्यायचा. मी स्वतः याच विद्येवर वाढलोय. उस्ताद पाठमोरे उभे राहून नुसत्या आवाजावर सांगायचे, ‘पाव आटा मागे घे.’ ती विद्या खोटी नाही. पण नव्या थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू दिसायला अगदी स्लोच्या स्क्रूसारखा असला तरी त्याचं काम निराळं आहे. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटल्यावर भोकात घट्ट अडकून बसू नये, एवढ्यासाठीच तो आहे. रेस ठरवायचं काम त्याच्याकडे नाही.

मग रेस कोण ठरवतं? पाकळीच्या बगलेनं हवेची एक वेगळी वाट काढलेली असते. त्या वाटेवर एक व्हॉल्व्ह आहे आणि तो ईसीयूच्या, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, हुकमानं उघड-मीट होतो. इंजिन थंड असलं की जास्त उघडतो, तापलं की मिटत येतो, एसी लावला की पुन्हा थोडा उघडतो. पण हे काम त्यानं कधी सुरू करायचं? तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाय हे कळल्यावर. आणि ते कळतं पाकळीच्या दांड्यावरच्या सेन्सरवरून. पाकळी मिटलेली असताना तो सेन्सर साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. गाडी देताना आम्ही लॅपटॉपवर तो अर्धा व्होल्ट म्हणजे ‘शून्य टक्के’ असं नोंदवतो.

समजा कुणी स्क्रू अर्धा आटा आत घेतला. अर्ध्याचे 0.7 व्होल्ट झाले. तुमचा पाय खाली जमिनीवर आहे, पण ईसीयूच्या हिशेबी पाच टक्के ॲक्सिलरेटर दाबलेला आहे! मग तो स्लोचा व्हॉल्व्ह सांभाळायचं सोडून देतो. रेस तेराशे-चौदाशेवर अडकते. स्क्रू थोडासाच फिरला असेल तर आणखी गंमत. सेन्सर सीमारेषेवर येतो आणि ईसीयू एकदा म्हणतो पाय काढला, लगेच म्हणतो दाबला. रेस नऊशे, चौदाशे, पुन्हा नऊशे अशी झोके घेत राहते. हे पाहून मेकॅनिक स्क्रू आणखी फिरवतो, आणि मग गुंता होतो.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढून उतार उतरता तेव्हा ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. आंबा घाट उतरताना बराच वेळ इंजिनात पेट्रोलचा थेंब जात नाही. साध्या कार्बोरेटरला हे जमत नाही. स्क्रू फिरलेला असला की ही सोय बंद पडते. गाडी उतारावर पुढे पुढे ढकलल्यासारखी वाटते, ब्रेक तापतात, सायलेन्सरमधून फटफट येते, आणि महिन्याभरानं फोन येतो : ‘ॲव्हरेज बसलं हो!’

रत्नागिरीकडचे एक गृहस्थ तर गाडी टोचन करून घेऊन आले. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं प्लग बदलले, एकानं पंप बदलायला सांगितलं, तिसऱ्यानं ईसीयू जळाल्याचं जाहीर केलं. बॉनेट उघडलं तर स्क्रूवर आम्ही खुणेसाठी लावलेला पिवळा रंग तुटलेला. त्या तिघांना मी नावं ठेवत नाही. त्यांच्यापुढे आलेली पहिलीच अशी गाडी, आणि हाताला सवय चाळीस वर्षांची.

‘मग स्क्रू होता तिथं परत आणला की झालं ना?’ तसं होत नाही. होता तिथं म्हणजे कुठं, ते आता कुणालाच माहीत नसतं. स्क्रू पूर्ण मागे घ्यायचा, पाकळी अडकणार नाही इतपतच पुढे आणायचा, सेन्सरचं शून्य आणि शंभर पुन्हा नोंदवायचं, मग गरम इंजिनावर स्लो पाहायचा. थंड इंजिनावरचा स्लो पाहण्यासाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते, दुसरा इलाज नाही. म्हणून ‘दहा मिनिटांत करून द्या, बाहेर थांबतो’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. पहिल्या वेळी याचे पैसे घेत नाही. दुसऱ्या वेळेपासून 800 रुपये. रंग शाबूत असेल आणि तरीही रेस चुकत असेल, तर चूक आमची, पैसेही आमचे.

तो पिवळा रंग आणि ईसीयूला घातलेला पासवर्ड यांवरून आम्हाला टोमणे बसतात. ‘गाडी माझी, कुलूप तुमचं?’ रंग हे कुलूप नाही, खूण आहे. फिरवला की नाही हे तुम्हालाही कळावं म्हणून. पासवर्ड वॉरंटीच्या वर्षभरापुरता असतो. वर्ष झालं की मागा, मॅपच्या (पेट्रोल कधी किती द्यायचं या हिशेबाच्या) फाईलसकट पेन ड्राइव्हवर देतो, हे बिलावर लिहिलेलं आहे. वर्षभर अडवतो ते यासाठी की पेट्रोल कमी करून ॲव्हरेज ‘वाढवून’ देणारे लोक आहेत, आणि जास्त लीन, म्हणजे फार कमी पेट्रोलवर, चालवलेल्या इंजिनाचा जळालेला पिस्टन कुणाच्याच खर्चात बसत नाही.

ॲव्हरेजचं खरं सांगायचं तर दुप्पट होणार नाही. नीट ट्यून केलेला कार्बोरेटर सपाट रस्त्यावर वाईट नव्हताच. फरक कळतो तो चढावर, थंडीत, ट्रॅफिकमध्ये, आणि उन्हात गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारताना. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल बॉनेटच्या उष्णतेनं उकळायचं आणि तुम्ही टोल नाक्यापुढे बॉनेट उघडून उभे. इंजेक्शनमध्ये पेट्रोल सुमारे तीन बार दाबाखाली आणि फिरतं असतं, त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. कार्बोरेटरचं जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचं, ते स्वतःहून मोठं होत नाही. म्हणून पिकअप घेताना आचके येतात. आपल्या सायलेन्सर पाइपमधला लॅम्डा सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघून ईसीयूला सांगतो आणि ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवतो.

गाडी सुरू करायची पद्धतही बदला. किल्ली ऑन केली की मागून पंपाचा ‘सूं’ असा आवाज येईल आणि दोन-तीन सेकंदांत थांबेल. थांबल्यावर सेल्फ मारा. पाय ॲक्सिलरेटरवर नको. जुन्या सवयीनं दोनदा पंपिंग करू नका, त्यानं काही होत नाही. आणि पूर्ण दाबून धरून सेल्फ मारलात तर ईसीयूला वाटतं की प्लग भिजलेत, तो पेट्रोलच बंद करतो. मग बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारा, गाडी उठायची नाही. पंपाचा आवाज आपोआप थांबणं हा बिघाड नव्हे. इंजिन फिरत नसताना पंप चालू राहू नये, अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल उडू नये, म्हणून ते मुद्दाम केलंय. कुणी ‘डायरेक्ट’ वायर देऊन पंप कायम चालू करून देतो म्हणाला तर नको म्हणा.

कामाला गाडी घेताना आम्ही टाकी उतरवतो, त्यावरही घासाघीस होते. वीस-तीस वर्षांच्या टाकीत गंज असतोच. कार्बोरेटरला तो जाळीत अडकायचा, फार तर जेट फुंकून काम व्हायचं. इंजेक्टरचं छिद्र फुंकून साफ होत नाही. टाकी धुऊन, उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणाऱ्या रिटर्न पाइपला नवं तोंड काढून, वळणावर पंपानं हवा ओढू नये म्हणून आत छोटी वाटी बसवून देतो. तरीसुद्धा घाटात जाताना टाकी पावच्या वर ठेवा. रबरी पाइप इंजेक्शनच्या दाबाचेच वापरा. कार्बोरेटरचा साधा पाइप काही दिवस टिकल्यासारखा वाटतो, हाच त्याचा धोका.

प्लगच्या वायरी तांब्याच्या घालू नका. त्यांच्या ठिणगीचा खरखराट क्रँक सेन्सरला गोंधळात टाकतो आणि गाडी तीन हजारावर मिसिंग करते. डेंटिंगवाल्याकडे वेल्डिंग असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचं सॉकेट काढायला सांगा. बॅटरी काढल्यानं मॅप पुसला जात नाही. आणि म्हणूनच ‘बॅटरी काढून लावली की रिसेट होतं’ हा उपायही इथं चालत नाही.

आम्ही इंजिन नंबर, सीसी आणि इंधनाचा प्रकार यांना हात लावत नाही. काढलेला कार्बोरेटर, जुना पंप आणि मॅनिफोल्ड खोक्यात घालून परत देतो. भंगारात घालू नका, पुढे कुणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर त्या खोक्याला किंमत येईल.

इंजिनचं कॉम्प्रेशन चार सिलिंडरांत सारखं नसेल किंवा ते ऑइल जाळत असेल, तर आधी ते काम. निळा धूर इंजेक्शननं जात नाही. तपासणी विनामूल्य आहे, आणि तपासून ‘तुमचा कार्बोरेटरच बरा’ असं सांगितलेले ग्राहकही आमच्याकडे आहेत. त्यांचे कार्बोरेटरही आम्हीच करतो.

तपासणीला येताना गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडा. सकाळी साडेनऊला आम्ही ती थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून पाहतो. लवकर पोहोचलात तर चहा घ्या, पण कृपा करून ‘जरा गरम करून ठेवतो’ म्हणून सेल्फ मारू नका.