अ‍ॅजाइल प्रकल्पनियोजन व संघकार्य

सॉफ्टवेअरनिर्मितीतील एक कार्यपद्धती. या पद्धतीत संपूर्ण प्रकल्पाचा आराखडा आरंभीच कायम केला जात नाही. काम एक ते चार आठवड्यांच्या फेऱ्यांत विभागले जाते, प्रत्येक फेरीअखेर चालू स्थितीतील सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांपुढे ठेवले जाते आणि त्यांच्या प्रतिसादावरून पुढील फेरीचे नियोजन काम करणारा संघच करतो. स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग आणि काहींच्या मते कानबन यांचा समावेश या पद्धतीत होतो. प्रस्तुत नोंदीत तिचा उगम, अंदाज बांधण्याचे तंत्र आणि सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिचे अध्ययन यांचा विचार केला आहे.

उगम : ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेच्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र आले व त्यांनी चार मूल्यांचा जाहीरनामा तयार केला, त्याला बारा तत्त्वांची जोड देण्यात आली. अनेक पाठ्यपुस्तके पद्धतीचा आरंभ येथूनच मोजतात. परंतु ही बैठक आरंभाची नसून आधीपासून स्वतंत्रपणे चाललेल्या प्रवाहांना समान नाव देणारी होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगची घडण क्रायस्लर कंपनीच्या वेतनप्रणालीच्या कामात १९९६ च्या सुमारास केली होती. जेफ सदरलंड यांनी ईझल कॉर्पोरेशनमध्ये १९९३ मध्ये स्क्रमचा वापर केला आणि केन श्वेबर यांच्यासह १९९५ मध्ये ती पद्धत एका परिषदेत मांडली. स्क्रमची मूळ कल्पना हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका यांच्या १९८६ मधील लेखापर्यंत मागे जाते. मात्र तो लेख सॉफ्टवेअरविषयी नव्हता, होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स यांसारख्या कंपन्यांतील नव्या वस्तूंच्या निर्मितीविषयी होता.

क्रेग लार्मन व व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात फेऱ्याफेऱ्यांनी काम करण्याची परंपरा याहून जुनी असल्याचे दाखविले आहे. अमेरिकेच्या मर्क्युरी या अंतराळ प्रकल्पात १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या होत्या व प्रत्येक फेरीआधी चाचण्या लिहिल्या जात, असे त्यात म्हटले आहे. हा तपशील मुख्यतः सहभागी व्यक्तींच्या आठवणींवर आधारलेला असल्याने तो जपून वापरावा. त्या तुलनेत स्पेस शटलच्या सॉफ्टवेअरचा दाखला अधिक भक्कम आहे : १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांनी ते काम झाले.

उगमाविषयीच्या याच वादाची दुसरी बाजू विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाशी निगडित आहे. गरजा, रचना, कोडलेखन, चाचणी अशा एकामागून एक येणाऱ्या टप्प्यांच्या ‘वॉटरफॉल’ पद्धतीचे जनकत्व त्यांना दिले जाते. प्रत्यक्षात त्या निबंधात हे नाव कोठेही नाही. शिवाय सर्वांत साधी आकृती दिल्यानंतर तशा रीतीने काम करणे धोक्याचे असून अपयशाला निमंत्रण देणारे आहे, असे रॉइस यांनी स्वतःच नोंदविले आहे. नवे सॉफ्टवेअर एकदा प्रायोगिक व नंतर खरे, असे दोनदा बांधावे, ही त्यांची शिफारस होती. तरीही आकृतीच तेवढी प्रसृत झाली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या २१६७ क्रमांकाच्या मानकाने टप्प्यांच्या पद्धतीला कंत्राटांत बळ दिले आणि १९९४ मध्ये त्याची जागा अधिक लवचीक मानकाने घेतली. रॉइस यांना वॉटरफॉलचे पुरस्कर्ते व अ‍ॅजाइलचे विरोधक म्हणून शिकविणे हे म्हणूनच मूळ निबंधाला धरून नाही, आणि विद्यार्थ्यांच्या टिपणांतून ती चूक काढून टाकली पाहिजे.

नियोजन व अंदाज : ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे, या जाहीरनाम्यातील मूल्याचा अर्थ नियोजनच नको असा पुष्कळदा लावला जातो. वस्तुतः अ‍ॅजाइल संघ अधिक वेळा नियोजन करतो. एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी, म्हणजे स्क्रममधील एका फेरीसाठी, नियोजन बैठकीला आठ तासांपर्यंत मुभा आहे. रोजची बैठक मात्र पंधरा मिनिटांत संपते. २०११ च्या स्क्रम मार्गदर्शिकेपासून स्प्रिंटसाठी निवडलेले काम हे वचन न मानता अंदाज मानले जाते. या बदलामुळे संघाला खरा आकडा सांगणे सोपे झाले.

कामाचा आकार स्टोरी पॉइंट या सापेक्ष एककांत मोजण्याची रीत एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आली. तिचे जनकत्व बहुधा आपल्याकडे असावे, असे रॉन जेफ्रीज यांनी सांगितले असून पुढे तिच्या गैरवापराबद्दल खेदही व्यक्त केला आहे. पत्त्यांनी अंदाज करण्याचे तंत्र, म्हणजे प्लॅनिंग पोकर, जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडले व माइक कोन यांनी ते रूढ केले. त्यामागे रँड या अमेरिकी संशोधनसंस्थेतील डेल्फी तंत्र (तज्ज्ञांची मते स्वतंत्रपणे घेऊन ती फेऱ्यांनी जुळविणे) व बॅरी बोम यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यावरून बेतलेले वाइडबँड डेल्फी यांची परंपरा दिसते. प्रत्येकाने आपल्या अंदाजाच्या आकड्याचा पत्ता निवडून सर्वांनी ते एकाच वेळी उलटायचे असल्याने ज्येष्ठाच्या किंवा प्रथम बोलणाऱ्याच्या आकड्याकडे इतर ओढले जात नाहीत.

साखर कारखान्याच्या सभासदाची एक मागणी उदाहरण म्हणून घेता येईल : ‘ऊसउत्पादक म्हणून माझ्या खेपेचे वजन मला मोबाइलवर लगेच कळावे.’ चौघांपैकी तिघे ३ चा पत्ता टाकतात आणि एक विद्यार्थिनी ८ चा टाकते. तिला कारण विचारले असता ती सांगते, की काट्यावर भरलेल्या ट्रॉलीचे वजन आधी होते, ऊस खाली झाल्यावर रिकाम्या ट्रॉलीचे होते, आणि निव्वळ वजन या दोहोंच्या फरकातून निघते. मधल्या वेळेत नेट गेले तर संदेश अडकतो, आणि नोंद वडिलांच्या नावावर पण मोबाइल मुलाचा, असे तर सर्रास असते. येथे आकड्यांची सरासरी काढणे चुकीचे होय. मागणीचे दोन भाग करावेत, निव्वळ वजनाचा संदेश या स्प्रिंटमध्ये घ्यावा व मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, ठेवावी. पत्त्यांचा खरा उपयोग या चर्चेसाठी आहे. याच उदाहरणात तारखेचे महत्त्वही दिसते : गळीत हंगाम सुरू होण्याची तारीख प्रोग्रॅमरला हलविता येत नाही, त्याच्या हाती राहते ते कामाची व्याप्ती कमी करणे.

सातारा–सांगली परिसरातील अध्ययन : या भागात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ मध्ये, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० मध्ये, तर राजारामनगर येथील राजारामबापू तंत्रसंस्था आणि साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये सुरू झाले. अंतिम वर्षाचा गटप्रकल्प हे विद्यार्थ्यांना संघकार्य शिकण्याचे मुख्य ठिकाण असते. मात्र सिनॉप्सिस (आरंभी द्यावयाचा आराखडा), रिव्ह्यू आणि सबमिशन हा त्याचा परिचित क्रम टप्प्यांच्या पद्धतीचा आहे. सिनॉप्सिसमध्ये व्याप्ती एकदा लिहिली की ती बदलणे विद्यार्थ्याला कमीपणाचे वाटते. दुसरी अडचण कामवाटपाची आहे. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने रिपोर्ट आणि तिसऱ्याने पीपीटी करायची, अशी विभागणी झाली की रोजच्या बैठकीत एकमेकांना सांगण्यासारखे काही उरत नाही आणि कोड लिहिणारा आजारी पडताच सर्व काम थांबते. प्रत्येक स्प्रिंटमध्ये प्रत्येकाने कोड व चाचणी दोन्हींत हात घालावा, हा नियम गाइडने आरंभीच घालून देणे इष्ट आहे. गावाकडून एसटीने ये-जा करणाऱ्यांमुळे सायंकाळची बैठक टिकत नाही. ती पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी ठेवणे सोयीचे पडते.

सुमारे पंधरा आठवड्यांच्या सत्रात, परीक्षांचा काळ वगळून, पंधरवड्याचे सहा स्प्रिंट बसू शकतात. पहिल्या दोन स्प्रिंटचे अंदाज बहुधा चुकतात व ते चुकू द्यावेत. किती पॉइंट ठरविले व किती पूर्ण झाले याची नोंद राहिली तरच तिसऱ्या स्प्रिंटचा अंदाज जमिनीवर येतो. प्रॉडक्ट ओनरची, म्हणजे कोणते काम आधी हवे हे ठरविणाऱ्याची, भूमिका गाइडने स्वतःकडे घेऊ नये. गुण देणाऱ्याशी विद्यार्थी व्याप्तीवरून मोकळेपणाने वाद घालीत नाहीत, आणि तसा वाद घालता येणे हाच या शिक्षणाचा गाभा आहे. शेतीगटाचा सचिव, पतसंस्थेतील कारकून किंवा तासगावच्या बेदाणा सौद्यांची नोंद ठेवणारा दिवाणजी या भूमिकेला अधिक योग्य होय. वैयक्तिक मूल्यमापनासाठी गिट या कोडमधील बदल नोंदविणाऱ्या साधनातील नोंदी (कमिट) उपयोगी पडतात. परंतु केवळ कमिटांची संख्या मोजल्यास विद्यार्थी तीच वाढवितात.

सॉफ्टवेअर वापरात आल्यानंतरच्या तक्रारी कधी येतील हे ठरलेले नसल्याने तेथे स्प्रिंटपेक्षा कानबन सोयीचे असते. टोयोटात ताइची ओनो यांनी विकसित केलेली ही रीत डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधील देखभालीच्या कामाला लावली. तीत फलकावरील प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामे असावीत यावर मर्यादा घातली जाते आणि हातातील काम संपल्याशिवाय नवे काम उचलले जात नाही.