केशरी पाइपची पार्श्वभूमी: स्प्रिंकलरमध्ये सीपीव्हीसी कसे आले आणि कशाने फुटते

स्प्रिंकलरचे, म्हणजे आग लागल्यावर छतावरून आपोआप फवारले जाणारे, पाणी प्लास्टिकच्या पाइपमधून येणार म्हटले की सोसायटीच्या सभेत कोणीतरी विचारतोच, "आग लागल्यावर पाइपच वितळला तर?" शंका रास्त आहे आणि जुनीही आहे. पण सीपीव्हीसीच्या, म्हणजे जास्तीचे क्लोरीन घातलेल्या पीव्हीसीच्या, केशरी पाइपने गेल्या चाळीस वर्षांत जिथे जिथे दगा दिला, तिथे सहसा आगीचा संबंध नव्हता. पाइप तडकले ते तेलाने, रंगाने, सांधे चिकटवायच्या जास्तीच्या सॉल्व्हंट सिमेंटने आणि घाईने उरकलेल्या चाचणीने. आजचे नियम वाचताना हे लक्षात ठेवले तर त्यातल्या बऱ्याच अटींचा उलगडा होतो.

स्प्रिंकलर मुळात कारखान्यांसाठी होता. हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे आपल्या पियानोच्या कारखान्याला आगीपासून जपण्यासाठी तो बसवला. पुढे विमा कंपन्यांनी त्याला उचलून धरले, पण पाइपचा व्यास किती आणि दोन स्प्रिंकलरमध्ये अंतर किती, याचा प्रत्येकाचा हिशेब वेगळा. १८९५ च्या सुमारास एकट्या बॉस्टनच्या शंभर मैलांच्या परिसरात असे नऊ वेगवेगळे नियम चालू होते. हा घोळ निस्तरताना १८९६ मध्ये एनएफपीए ही अग्निसुरक्षेची मानके ठरवणारी अमेरिकी संस्था उभी राहिली आणि तिचे स्प्रिंकलरचे नियम पुढे एनएफपीए १३ म्हणून ओळखले गेले. आटे पाडलेला लोखंडी पाइप हेच त्या काळचे चलन होते. गिरणीत आणि गोदामात छत उघडे असते, माणसे राहत नाहीत, तिथे त्याची अडचण कोणालाच नव्हती.

अडचण आली ती राहत्या घरांत. अमेरिकेत आगीचे बहुतेक बळी घरात जातात हे मान्य झाल्यावर १९७५ मध्ये एक-दोन कुटुंबांच्या घरांसाठी एनएफपीए १३डी हे वेगळे मानक निघाले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे शहराने नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. २१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागून ८५ जण दगावले. आग ज्या भागात भडकली तिथे स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर उभ्या, चालत्या हॉटेलांत स्प्रिंकलर घालायची वेळ आली. पाहुणे शेजारच्या खोलीत झोपलेले असताना वेल्डिंग कसे करणार? आटे पाडायच्या मशीनचे तेल गालिच्यावर गळणार, एक इंचाचा तीन मीटर पाइप साडेसात किलोचा, तो अरुंद पोकळीतून सरकवणार कोण?

त्याच मापाचा सीपीव्हीसी पाइप जेमतेम सव्वा किलोचा असतो, करवतीने कापता येतो आणि सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवता येतो. हे प्लास्टिक घरगुती गरम पाण्यासाठी १९५० च्या दशकाअखेरपासून बाजारात होतेच. बीएफ गुडरिच कंपनीने १९८४ मध्ये ते स्प्रिंकलरसाठी आणले. पाण्याच्या दृष्टीनेही ते सोयीचे ठरले. आतून गुळगुळीत असल्याने घर्षणाच्या गणितात सीपीव्हीसीचा गुणांक १५० धरतात, काळ्या लोखंडी पाइपचा १२० (आकडा मोठा तितके घर्षण कमी). शिवाय एक इंची सीपीव्हीसीचा आतला व्यास २८ मिलिमीटर, लोखंडी पाइपचा २६.६. दोन्ही मिळून तेवढ्याच प्रवाहाला दाबाची घट जवळपास निम्मी होते. पुढे अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलसारख्या शहरांच्या सक्तीने आणि सरकारी कर्मचाऱ्यांना स्प्रिंकलर असलेल्या हॉटेलांकडे वळवणाऱ्या १९९० च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याने मागणी वाढवली.

त्या दिवसांत सीपीव्हीसीला एक जोडीदार होता, पॉलिब्युटिलीन. तोही स्प्रिंकलरसाठी मान्यताप्राप्त होता आणि एनएफपीए १३ मध्ये दोघांची नावे शेजारी शेजारी छापलेली असत. गंमत अशी की पॉलिब्युटिलीन सहज पेटणारे प्लास्टिक, तरीही आत पाणी असल्यामुळे ते चाचणीत टिकले. त्याला बुडवले ते घरगुती नळजोडांनी. पाण्यातल्या क्लोरीनने पाइप आणि फिटिंग कुजू लागले, गळती आणि दावे झाले, १९९५ मध्ये मोठी तडजोड झाली आणि पॉलिब्युटिलीन बाजारातून गेले.

सीपीव्हीसी पेटायला अवघड का, तर त्यातल्या क्लोरीनमुळे. साध्या पीव्हीसीमध्ये वजनाने साधारण ५७ टक्के क्लोरीन असते, सीपीव्हीसीमध्ये ६३ ते ६९ टक्के. जळत राहण्यासाठी त्याला हवेत सुमारे ६० टक्के ऑक्सिजन लागतो, आणि आपल्या हवेत असतो २१ टक्के. ज्वाला लागली की बाहेरचा थर कोळपतो, ज्वाला हटली की विझतो. पण न पेटणे आणि दाब सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीपीव्हीसीला १७५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाची मान्यता ६५.५ अंश सेल्सियसपर्यंतच असते आणि छताखालची हवा आगीत काही मिनिटांत याच्या कितीतरी पुढे जाते. तिथे पाइपला वाचवते ते आतले पाणी, आणि ६८ अंशांना उघडणारा स्प्रिंकलर फुटला की आतून वाहू लागणारे आणखी पाणी. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेच्या १८२१ क्रमांकाच्या मानकातली आगीची चाचणी पाइप आणि स्प्रिंकलर एकत्र टांगून घेतात ती याचसाठी.

पाइप फक्त पाण्याने भरलेल्या यंत्रणेतच वापरायचा, एरवी पाइपमध्ये पाण्याऐवजी हवा असणाऱ्या कोरड्या यंत्रणेत कधीही नाही, हा नियम इथूनच आला. उघडा ठेवायचा तर स्प्रिंकलर शीघ्र प्रतिसादाचेच हवेत, कारण स्प्रिंकलर उशिरा उघडला तर तेवढा वेळ पाइपला एकट्याने तग धरावा लागतो. उघडा नसेल तर किमान १० मिलिमीटर जिप्सम बोर्ड किंवा ठरावीक वजनाची सीलिंग टाइल आड हवी. वापरही मुख्यतः घरे, हॉटेल, कार्यालये अशा कमी धोक्याच्या जागांपुरताच. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: इंटिरियरच्या कामासाठी व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी केली की स्प्रिंकलर तर गेलाच, वरच्या पाइपला वाचवणारे पाणीही गेले.

भारतात आयएस १६०८८ हे स्प्रिंकलरच्या सीपीव्हीसी पाइपचे मानक २०१२ मध्ये आले. नळकामाचा सीपीव्हीसी वेगळा, त्याचे मानक आयएस १५७७८. मापेही वेगळी: नळकामाच्या एक इंची पाइपचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर, स्प्रिंकलरच्या पाइपचा ३३.४. नुसता केशरी रंग हा पुरावा नव्हे, अंगावरची छपाई वाचावी.

आता बिघाडांकडे. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रासायनिक तडक. पाइप ताणाखाली असतो, त्यात नको ते रसायन पाइपच्या भिंतीत मुरते आणि महिन्या-वर्षांनी बारीक चिरा पडून पाणी उडते. आपल्याकडे उभी लाइन लोखंडी आणि फ्लॅटमधल्या शाखा सीपीव्हीसीच्या, अशी जोडणी सर्रास दिसते. लोखंडाला आटे पाडताना लागलेले कटिंग तेल पाण्याबरोबर शाखांत उतरते. अमेरिकेत याची एक विचित्र आवृत्ती झाली. जिवाणूंमुळे लोखंडी पाइप गंजतो म्हणून काही पाइपांना आतून जंतुरोधक थर दिला जाऊ लागला, आणि तोच थर पुढच्या सीपीव्हीसीला बाधतो असे आरोप होऊन प्रकरण कोर्टात गेले. त्यानंतर आतले थर सीपीव्हीसीशी जुळतात याची खात्री मागायचा नियम झाला. एसीच्या कॉम्प्रेसरचे एस्टर तेल, मऊ पीव्हीसी वायरचे वेटोळे, वाळवीचे औषध, चुकीचा फायर सीलंट, तेलरंग हे सगळे याच यादीतले. पाइपला टेकून केबल बांधणे ही तर इलेक्ट्रिशियनची आवडती सवय.

दुसरा प्रकार सांध्याचा. पाइप काटकोनात कापायचा, आतबाहेरचा कचरा काढून कडेला उतार द्यायचा, फडक्याने पुसायचा. सिमेंट न लावता घालून पाहावा, सॉकेटच्या (फिटिंगच्या तोंडाच्या) एकतृतीयांश ते दोनतृतीयांश आत जाऊन अडायला हवा. मग पाइपवर भरपूर आणि सॉकेटमध्ये बेताचा हात, पाव फेरा देत तळापर्यंत ढकलून अर्धा मिनिट दाबून धरायचे. कडेला सिमेंटची अखंड माळ दिसली की झाले. सॉकेटमध्ये सिमेंट जास्त ओतले की ते आत साचते, भिंत मऊ करते किंवा तोंड बुजवते. स्प्रिंकलर आधीच बसवलेले फिटिंग चिकटवले तर सिमेंट थेट त्याच्या छिद्रात उतरते, आणि हे आग लागेपर्यंत कळत नाही. १६ ते ४९ अंश तापमानात पाऊण इंची सांधा एका तासात पाण्याची चाचणी सोसतो, दोन इंचीला आठ तास लागतात, तीन इंचीला पूर्ण दिवस. चाचणी २०० पीएसआयवर दोन तास, तीही फक्त पाण्याने. दाबलेल्या हवेने सांधा सुटला तर तुकडे माणसाच्या अंगावर येतात.

तिसरा, आधाराचा. सीपीव्हीसी तापल्यावर लोखंडाच्या पाचपट वाढतो: ३० मीटर लाइन २० अंशांच्या फरकाने साधारण ३७ मिलिमीटर. क्लॅम्प आवळून बसवले तर हा ताण सांध्यांवर जातो. एक इंचीला आधार दर १.८ मीटरवर, आणि शेवटच्या लोंबत्या स्प्रिंकलरपाशी ३०० मिलिमीटरच्या आत, दाब १०० पीएसआयच्या वर असेल तर २२५ च्या आत. शेवटचा आधार चुकला तर पाणी सुटताक्षणी उलट्या धक्क्याने पाइप उचलला जातो, स्प्रिंकलर सीलिंगच्या वर जातो आणि फवारा पोकळीतच फिरतो.

महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे नमुना 'ब' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या पाहणीत पंप, व्हॉल्व्ह, दाब तपासले जातात. सीलिंगच्या वर पाइपला वायर टेकली आहे का, कोणी त्यावर रंग मारला आहे का, एसीचे काम त्याच्या शेजारी झाले आहे का, हे पाहायला टाइल उचलावी लागते. एजन्सी आली की दोन-चार फ्लॅटमधल्या टाइल तिच्यासमोर उचलायला सांगाव्यात.