बनावट ठरलेला सम्राट

फ्रान्समध्ये नांत शहराजवळ १९०० साली एक रोमन नाणं सापडलं. त्यावर नाव होतं डोमिशियानस. या नावाचा प्रसिद्ध सम्राट तर इसवी सन ९६ मध्येच मारला गेला होता, आणि नाण्याची घडण सरळसरळ तिसऱ्या शतकातली. जुन्या ग्रंथांत त्या काळातल्या डोमिशियानस नावाच्या कुणा बंडखोराचा ओझरता उल्लेख आहे, तेवढाच. नाणं खोटं म्हणून बाजूला पडलं.

पुढे २००३ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या चालग्रोव्ह गावात जमिनीतून एक मडकं निघालं. आत सुमारे ५,००० नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करता करता एक चेहरा वर आला: दाढी, सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट, आणि कडेने तेच नाव.

आता ठशांची गंमत पाहा. त्या काळी खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन ठसे कधीच हुबेहूब नसतात. कुठे अक्षर कललेलं, कुठे मुकुटाचं टोक सरकलेलं. ही दोन्ही नाणी ठशांच्या एकाच जोडीतून पडलेली निघाली. सापडली मात्र दोन देशांत, शंभर वर्षांच्या अंतराने, आणि त्यातलं एक गंजाने जखडलेल्या ढिगात. खोटेपणाला जागाच उरली नाही.

त्या तिसऱ्या शतकात गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश, आणि ब्रिटन रोमपासून फुटून वेगळे झाले होते. तिथला सम्राट व्हिक्टोरिनस २७१ च्या सुमारास मारला गेला आणि पुढे टेट्रिकस आला. या दोघांच्या आसपासच्या धामधुमीत आपला डोमिशियानस बसतो. बहुधा काही दिवस, फार तर काही आठवडे. तेवढ्यात त्याने नाणी पाडून घेतली, कारण ज्या सैन्याने गादीवर बसवलं त्याचा पगार थकवून चालणार नव्हतं. नाण्यात चांदी नावालाच.

मागच्या बाजूला एक देवी उभी आहे आणि भोवती अक्षरं आहेत, 'कॉनकॉर्डिया मिलितुम', म्हणजे सैनिकांची एकजूट. खरंच एकजूट असती, तर ती नाण्यावर कोरायची वेळ आली असती का?