घड्याळातला ईसीजी, जुना नांगर आणि "हे तर कोणालाही सुचलं असतं"

महागड्या स्मार्टवॉचमध्ये आता ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, निघतो, ते आपल्या खेड्यापाड्यातल्या पोरांनाही माहीत आहे. घड्याळाची मागची बाजू एका मनगटाला टेकलेली, दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या बटनावर, म्हणजे दोन हातांच्या मधात हृदय आलं न सर्किट पूर्ण झालं. हृदयाचा सिग्नल चामडीपर्यंत येतो तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट असतो, म्हणून दवाखान्यात जेल लावतात. घड्याळात जेल नाही, चामडीचा ओलावाच कामी येतो.

मग यात नवीन काय? पेटंट पाहिजे तर गोष्ट नवी असून भागत नाही, त्या कामातल्या जाणकाराला ती सहज सुचणारी नको. आइंथोव्हेन नावाच्या डच शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपेक्षा आधी रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून ईसीजी काढला होता, १९२४ चं नोबेल त्याला त्याच्याचसाठी मिळालं.

अलाइव्हकोर (ईसीजीची यंत्रं बनवणारी अमेरिकन कंपनी) आणि ॲपल याच्यावरच भांडले. अलाइव्हकोरच्या पेटंटांचा गाभा असा, की घड्याळानं ठोके आणि अंगाची हालचाल पाहत राहायची, माणूस निवांत बसलाय तरी ठोके बिघडले तर ईसीजी काढायला सांगायचं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट बोर्डानं तीन पेटंटांमधले आव्हान दिलेले दावे उडवले, मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टानं तेच कायम ठेवलं. ठोक्यात गडबड दिसली की ईसीजी घ्यायला सांगणारं मनगटी यंत्र आधी छापलेल्या कागदात होतं, ठोके आणि हालचाल ताडून पाहणंही होतं, दोन्ही जोडणं त्या धंद्यातल्या जाणकाराला अवघड नव्हतं असं बोर्डाचं न कोर्टाचं म्हणणं. मला हा निकाल पटतो.

ही सहज सुचण्याची कसोटी कशी लावायची ते ठरवणारी केस पाहा, १९६६ ची ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डिअर, चक्क नांगराची केस! दगडगोट्याच्या जमिनीत नांगराचा दांडा तुटू नये म्हणून स्प्रिंगचा क्लॅम्प होता, त्यातले दोन भाग खालीवर केले आणि नवं पेटंट घेतलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं आणि सांगितलं की आधी काय होतं, नव्यात फरक काय, अन त्या कामातल्या साधारण जाणकाराला किती येतं, हे पाहा. तेही शोध लावला त्या काळात जाऊन, कारण उत्तर डोळ्यासमोर असलं की सगळंच सोपं वाटते.

माझ्या मते खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. उन्हातान्हात, डवरणीत नाहीतर कापूस वेचताना, घामानं इलेक्ट्रोड (चामडीला टेकून सिग्नल घेणारा भाग) सरकतो, चामडी ताणली की तिथला व्होल्टेज बदलतो आणि ती गडबड ईसीजीच्याच फ्रिक्वेन्सीत मिसळते, त्यामुळे फिल्टर लावून ती साफ निघत नाही. हे जो सोडवेल त्याला पेटंट मिळालंच पाहिजे.

आपल्याकडं १९७० च्या पेटंट कायद्यात कलम २(१)(जेए) हीच कसोटी सांगते, आणि कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर व्हायच्या आधी कोणीही लेखी विरोध करू शकतो, आधी छापलेल्या नाहीतर वापरात असलेल्या गोष्टीचा पुरावा जोडा. अशा विषयांचं ट्रेनिंग देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, मुंबई-दिल्ली गाठायची गरज नाही.