जमिनीवरच्या चिकटपट्ट्या: रॉबर्ट फ्रिपच्या स्टुडिओतल्या सोलोंमागची गोष्ट

1977 च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिपनं जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे लावले होते. अमुक सूर हवा, तर अमुक पट्टीवर उभं राहायचं. स्पीकरपासून सुमारे चार फुटांवर एक सूर घुमायचा, थोडं पुढे सरकलं की दुसरा. आवाज इतका मोठा ठेवलेला, की त्या हादऱ्यानंच गिटारची तार पुन्हा थरथरायची आणि सूर विझायचाच नाही. आपल्याकडे तंतुवाद्यात जिला आस म्हणतात, ती इथे हवी तेवढी लांबत होती. एरवी हा माणूस स्टुलावर बसून वाजवणारा. इथे सुरासाठी त्याला पावलं मोजावी लागली.

गायक डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या गाण्यावर तरंगणारी गिटार ती हीच. ती ई-बो या, तार सतत थरथरत ठेवणाऱ्या उपकरणानं वाजवली असं अजूनही अनेकजण धरून चालतात. तसं नव्हतं. फ्रिपनं तीनदा वाजवलं, संगीतकार ब्रायन ईनोनं तो आवाज आपल्या सिंथेसायझरमधून फिरवला आणि निर्माता टोनी विस्कॉन्टीनं तिन्ही टेक एकत्र लावले.

याची मुळं पाच वर्षं मागे, लंडनमध्ये ईनोच्या घरी सापडतात. सप्टेंबर 1972 मध्ये फ्रिप गिटार घेऊन तिथे गेला. किंग क्रिमसन हा त्याचा बँड तेव्हा नावारूपाला आलेला होता. ईनोनं रेव्हॉक्सचे दोन टेपरेकॉर्डर शेजारी मांडून एकच टेप दोन्हींतून ओढली होती. पहिल्यावर वाजवलेलं काही सेकंदांनी दुसऱ्यावरून ऐकू येई आणि पुन्हा पहिल्यावर नोंदलं जाई. टेरी रायली आणि पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकारांनी ही युक्ती 1960 च्या दशकातच वापरली होती. पण रॉकच्या गिटारवादकाला तिनं एक सूर धरून ठेवायला शिकवलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यानंतर ईनोच्या 'बेबीज ऑन फायर'मधला सोलो आला. पाच मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ तीन मिनिटं नुसती गिटार! फ्रिपचा एकच सोलो ऐकायचा असेल तर मी हाच ऐकायला सांगेन. 1975 मध्ये ईनोनं त्याला आणखी विचित्र काम दिलं: विमशर्स्ट यंत्रासारखं वाजव. उलटसुलट फिरणाऱ्या दोन चकत्या आणि दोन गोळ्यांमध्ये तडतडणारी ठिणगी असं ते वीज निर्माण करणारं जुनं यंत्र. 'सेंट एल्मोज फायर'मधली गिटार अगदी तशीच इकडून तिकडे उडते, आणि अल्बमवर वाद्याचं नावही 'विमशर्स्ट गिटार' असंच छापलं आहे.

मधल्या काळात, 1974 मध्ये, फ्रिपनं किंग क्रिमसन मोडला होता. पुढे तो ग्लॉस्टरशरमधल्या शेरबोर्न हाउस इथे साधनेसाठी जाऊन राहिला. 1977 मध्ये तो न्यूयॉर्कला असताना 'हीरोज'च्या कामासाठी बर्लिनहून फोन आला. विमानातून उतरून तो स्टुडिओत पोचला तेव्हा गाणी त्यानं ऐकलेलीही नव्हती. पहिल्यांदा कानावर पडत असतानाच तो वाजवू लागला, आणि त्या वाजवण्यातला ताजेपणा तिथूनच येतो.

1980 मध्ये बोवीनं पुन्हा बोलावलं. 'फॅशन'मधला तो करवतीसारखा सोलो रात्रीचा कार्यक्रम आणि लांबचा प्रवास उरकून, सकाळी साडेदहाच्या सुमारास वाजवलेला आहे.