अक्षराचं वय कसं काढतात?

‘जगातलं सर्वांत जुनं बायबल, कार्बन डेटिंगने सिद्ध’ असा मेसेज अधूनमधून व्हॉट्सअॅपवर येतो. सोबतचा फोटो बहुधा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातल्या ‘पी-52’ या तपकिरी तुकड्याचा असतो. त्याचं वय कार्बनवरून काढलेलंच नाही. ते काढलंय अक्षरावरून.

तुकडा जेमतेम 9 सेंटिमीटर उंच, 6 रुंद. 1920 मध्ये इजिप्तमध्ये घेतलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांत, तो होता. पपायरसांचे अभ्यासक कॉलिन रॉबर्ट्स यांनी 1934 मध्ये तो ओळखला: बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय, येशू रोमन सुभेदार पिलातापुढे उभा आहे तो प्रसंग. पुढे 31 ते 33, मागे 37 आणि 38 ही वचनं. एकाच ग्रंथाचा मजकूर पाठपोट आहे, त्यामुळे ही गुंडाळी नव्हे, पानांचं बाड होतं हे उघड आहे.

कार्बन-14 सांगतो तो पपायरसची लव्हाळी कधी कापली तो काळ. शाई कधी लागली ते नाही. येशूला पत्नी होती असं सुचवणाऱ्या, 2012 मध्ये गाजलेल्या तुकड्याचा पपायरस खरोखरच हजाराहून अधिक वर्षांचा निघाला, पण मजकूर आधुनिक बनावट होता!

मग अक्षराकडे वळावं लागतं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत करपावत्या, करार, पत्रं ढिगाने टिकली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांवर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष असतं. ग्रंथाच्या प्रतीवर ते नसतं. म्हणून प्रतीतली अल्फा, म्यू, उप्सिलॉन ही ग्रीक अक्षरं घ्यायची आणि तारीखवाल्या कागदांतल्या त्याच अक्षरांशेजारी ठेवायची: वळण कुठे, लेखणी कुठे उचलली, टोकाला आकडी आहे का. रॉबर्ट्स यांनी जुळवलेल्या नमुन्यांत इ.स. 94 चा एक दस्तऐवज होता. निष्कर्ष: दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध.

इथेच गोम आहे. विशीत घोटलेलं वळण माणूस साठीतही गिरवतो. आजोबांची जुनी पत्रं काढून पाहा. शिवाय रॉबर्ट्स यांचा दुसरा आधार, येशूविषयीच्याच दुसऱ्या एका मजकुराचा एगर्टन पपायरस, हा स्वतःच बिनतारखेचा होता. 1987 मध्ये एगर्टनच्याच बाडाचा एक तुकडा जर्मनीतल्या कोलोनमधून प्रसिद्ध झाला. त्यात दोन व्यंजनांमध्ये एक आकडीदार चिन्ह दिसलं, जे तिसऱ्या शतकात जास्त आढळतं. एगर्टन पुढे सरकला, तसा पी-52 चा टेकूही सैल झाला. 2005 मध्ये अभ्यासक ब्रेंट नोंगब्री यांनी दाखवलं, की दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध, अगदी तिसऱ्याची सुरुवातही नाकारता येत नाही.

हे ‘शंभर वर्षं इकडेतिकडे’ मथळ्यात मावत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या एका तुकड्याबद्दल 2012 मध्ये ‘पहिल्या शतकातला’ अशी घोषणा झाली होती. 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला तेव्हा काळ निघाला दुसऱ्याचा शेवट किंवा तिसऱ्याची सुरुवात. आपल्याकडच्या ‘पाच हजार वर्षं जुन्या’ पोथ्यांनाही हीच पट्टी लावावी.

पी-52 च्या मागच्या बाजूला ‘त्याला म्हणतो’ हे दोन ग्रीक शब्द वाचता येतात. म्हणतो तो पिलात, आणि त्याचा प्रश्न ‘सत्य काय आहे?’ हा. तो प्रश्न मात्र फाटून गेलेल्या भागात होता.